जिनिंगात कोंडलेला सागवान

मी 'वऱ्हाडी पंचक' सोडलं नव्हतं. मी फक्त सोडतो असं म्हणालो होतो.

या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण आमच्या दिग्रसच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीला तो कळला नाही. (की कळला होता? हा प्रश्न मला अजूनही छळतो.)

'वऱ्हाडी पंचक' म्हणजे पाच सुपरहिरोंची चित्रकथा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात. त्या दिवशी आमचं वाचनालय दरवर्षी पंचकाचा नवा अंक काढतं आणि बैल घेऊन आलेल्या प्रत्येक पोराच्या हातात एक प्रत देतं. संघाचा म्होरक्या सागवान. तो सागाच्या खोडासारखा मजबूत, वाकत नाही, मोडत नाही. त्याच्या जोडीला वीजमाय, जी बोटाच्या इशाऱ्यावर गावची लाइन घालवते आणि आणते. बाकीचे तिघं मागे उभे राहतात. आणि यांचा कायमचा वैरी म्हणजे बोंडअळी. कपाशीच्या बोंडात शिरते तीच, फक्त दुमजली घराएवढी.

हे सगळं माझ्या डोक्यातून निघालेलं. लिहायचो मी, काढायचोही मीच. माझं कृषी केंद्र आहे, बियाणं-औषधाचं. चित्रकला मी कीटकनाशकांच्या पोस्टरवरून शिकलो. त्यामुळे अळी मला फार सुरेख जमते. माणसं जरा जड जातात. त्यातही हात. एकदा एका शेतकऱ्यानं काउंटरवरचा अंक चाळत विचारलं होतं, "भाऊ, या सागवानच्या एका हाताले बोटं किती हायेत?"

"तीच तं त्याची शक्ती हाय," मी म्हणालो होतो.

कथा दरवर्षी साधारण एकच असायची. बोंडअळी येते, चौघं हरतात, सागवान येतो, एक ठोसा मारतो, गाव त्याला हार घालतं. काही लोक याला तेच-ते म्हणत. मी परंपरा म्हणायचो.

तर कार्यकारिणीच्या यंदाच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि दरवर्षीसारखा म्हणालो, "आता मी थांबावं म्हणतो. नव्या लोकांना संधी मिळायला पाहिजे." एवढं म्हणून मी थांबलो. अशा वाक्यानंतर थांबायचं असतं. लोकांना "नाही, नाही, भाऊ, तुमच्याशिवाय कोण" असं म्हणायला जागा लागते.

कोणीच काही म्हणालं नाही. पंख्याचा आवाज येत राहिला.

मग अध्यक्ष गुलाबराव मास्तर, हे आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर, घसा खाकरून म्हणाले, "सुधाकरभाऊ अगदी मनातलं बोलले."

कोणाच्या मनातलं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी उठून पुस्तकांचं कपाट उघडलं. कपाटातून शाल निघाली. शालीमागून नारळ निघाला. मला विचारायचं होतं की वाचनालयाच्या कपाटात नारळ कोण ठेवतं? पण तेवढ्यात शाल माझ्या खांद्यावर पडली आणि टाळ्या वाजल्या. अंगावर शाल असलेल्या माणसाला भांडता येत नाही.

"नवीन टीम तयारच हाय," मास्तर म्हणाले. "कथा वनिताबाई लिहितील. चित्रं ऋतुजा काढेल."

वनिता माझी बायको. ऋतुजा माझी मुलगी. सकाळी याच दोघींनी मला पोहे दिले होते आणि त्यांत शेंगदाणे नेहमीपेक्षा जास्त होते. मला तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

घरी आल्याबरोबर मी शाल न काढताच विचारलं, "वनिता, तुले हे माहीत होतं?"

"काय?"

"हेच. मी सोडतो म्हनाच्या आधीच तुमी दोघी तयार कश्या होत्या?"

वनिता पोस्टाच्या काउंटरवर बसते. दिवसभर लोकांना शांतपणे 'नाही' म्हणायची तिला सवय आहे. ती म्हणाली, "तुमी दर सालीच म्हनता, सोडतो म्हनून. यंदा मास्तरनं ते धरून ठेवलं. आता यंदा तुमी वाचक. वाचकासारखं थांबा."

मी थांबलो. पण कसा थांबलो, ते माझं मला माहीत.

ऋतुजा अमरावतीला चित्रकला शिकते. त्या पावसाळ्यात ती सुट्टीवर आली आणि मायलेकी मधल्या खोलीत दार लावून बसायला लागल्या. मी दारावरून गेलो की आतलं बोलणं बंद. मी परत फिरलो की सुरू. मी संशयी माणूस नाही. पण दारावरून जाण्याचं काम मला त्या दिवसांत बरंच निघायला लागलं. एकदा पाण्याची बाटली भरायला जाताना कानावर पडलं:

"मंग सागवानचं काय कराचं आई?"

"त्याले आता आडवा कर."

"मिशी ठेवू?"

"मिशी राहू दे. ओळखू आला पायजे."

मी बाटली न भरताच दुकानात परत गेलो.

माझ्या दुकानाशेजारी मनोहर राठोडचा पानठेला आहे. मनोहर माझा लहानपणचा मित्र. गावात काही घडायच्या आधी ते त्याला समजतं आणि नाही घडलं तर तो घडवतो. मी त्याला ऐकलेलं सांगितलं. त्यानं पानाला चुना लावता लावता थोडा विचार केला.

"मारून राह्यले भाऊ तुमच्या सागवानले."

"काहून मारतील? एवढा चांगला म्होरक्या."

"नवीन टीम आली की आधी जुन्या म्होरक्याले मारते. त्याशिवाय त्याइले जागा कशी भेटंन?" मग आवाज खाली करून तो म्हणाला, "आन् सागवान म्हंजे कोन, हे साऱ्या दिग्रसले माहीत हाय. मिशी तुमची. भांग तुमचा. उंची सोडली तं सारं तुमचंच हाय."

हे मी कधी कोणाजवळ कबूल केलेलं नव्हतं. पण उंचीचं वाक्य सोडलं तर त्याच्या बोलण्यात तथ्य होतं.

मी तपासाला लागलो. पहिला प्रयोग म्हणून स्वतः चहा केला आणि ट्रे घेऊन खोलीचं दार ढकललं. दोघींनी एकाच वेळी कागदांवर चादर टाकली. इतकी सफाई एका दिवसात येत नसते.

वनितानं ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चाय तुमी केली?"

"हो. काहून?"

"काई नाई. काय झालं तुमाले?"

म्हणजे संशय तिलाच आला. आणि चहात साखरेच्या जागी मीठ पडलं होतं, त्यामुळे तो फिटलाही नाही.

मग मी ऋतुजाला एकटीला गाठलं. तिला गाडीवर बसवून बाजारात नेलं आणि वाटेत सहज विचारल्यासारखं विचारलं, "कसा हाय मंग सागवान?"

"बरा हाय."

"बरा म्हंजे? मधात काई झालतं का त्याले?"

"बाबा, मी नाई सांगनार."

"कोनाले न सांगासारखं झालं म्हंजे काईतरी मोठंच झालं असंन."

"बाबा, समोर पाहा. म्हैस हाय."

म्हैस वाचली. संशय मात्र वाढला. आणि तो पक्का झाला पुढच्या रविवारी. दुपारी जेवून मी पलंगावर पडलो होतो. कसल्याशा आवाजानं डोळे उघडले, तर ऋतुजा खुर्चीवर उभी राहून वरून माझा फोटो काढत होती. वनितानं उजेडासाठी पडदा धरला होता. आणि माझ्या डोक्याभोवती, उशीवर, गालाला लागून, सगळीकडे कापूस पसरलेला होता.

"हे काय चालू हाय?"

"उशी उसवली," वनिता म्हणाली.

"आन् फोटो?"

"बाबा, तोंड उघडंच ठेवा ना एक मिनिट," ऋतुजा म्हणाली.

कापूस. मिटलेले डोळे. उघडं तोंड. मी मनोहरला हे सांगितलं तेव्हा त्याच्या हातातला अडकित्ता थांबला. "भाऊ," तो म्हणाला, "मानूस गेल्यावरच असा कापूस लावते."

अंक छापायला यवतमाळच्या एका प्रेसमध्ये जातो. तिथले रफिकभाई पंचकाचे पहिल्यापासूनचे छापणारे. ऋतुजानं चित्रं कॉम्प्युटरवरून पाठवून दिल्याचं मला जेवताना कळलं. (मला सांगितलं नाही, त्या एकमेकींना सांगत होत्या.) पोळ्याच्या आदल्या दिवशी मी घरात म्हणालो, "यवतमाळले जाऊन येतो. कंपनीची मीटिंग हाय."

"छत्री न्या," वनिता म्हणाली. नवऱ्याचा काटा काढणाऱ्या बाईनं त्याला छत्री द्यावी, हे मला फारच थंड डोक्याचं वाटलं.

सकाळच्या एसटीनं निघालो. दारव्हा गेलं, पाऊस लागला, खिडकीची काच वर सरकेना, म्हणून बसल्या जागी छत्री उघडली. शेजारच्या बाई उठून दुसरीकडे गेल्या. माझं लक्ष नव्हतं. मी सागवानच्या वतीनं भाषण तयार करत होतो.

प्रेसमध्ये रफिकभाईंनी खुर्ची दिली. आधीची सगळी पानं छापून समोर गठ्ठ्यांत वाळत पडली होती. शेवटची दोन तेवढी बाकी होती, ती पडद्यावर उघडलेली होती. मी पाहिलं आणि खुर्चीवर बसायचं राहून गेलं.

पहिल्या पानावर सागवान जमिनीवर पडलेला. त्याच्या छातीवर वीजमायचा पाय. बाकीचे तिघं, जे इतक्या वर्षांत मागे उभे राहण्यापलीकडे काही करत नव्हते, त्याचे हातपाय धरून होते. आणि वीजमाय म्हणत होती, "घात करणारा आपल्यातलाच निघाला."

दुसऱ्या पानावर एकही शब्द नव्हता. पांढऱ्याशुभ्र कापसात सागवान आडवा, डोळे मिटलेले, तोंड उघडं, नाकाशी कापूस. भोवती सगळे मान खाली घालून, हात जोडून उभे. आणि चेहरा माझा. मिशीसकट, भांगासकट.

मला सांगायला लाज वाटते, पण चित्र फार छान होतं. बोटं पाचच्या पाच होती.

"रफिकभाई, हे दोन्ही पानं बदलाचे हायेत."

"पन भाऊ, भाभी का फोन आया था. फायनल है बोली."

"भाभी आन् मी काय वेगळे हाव? घरातच ठरलं ते."

इतक्या वर्षांचा संबंध. नवी टीम वगैरे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं पंचक म्हणजे मी. माझ्या जुन्या अंकांची पानं त्यांच्याकडे होतीच. त्यांतली शेवटची दोन मी निवडली. एका पानावर सागवान बोंडअळीला ठोसा मारतो. दुसऱ्यावर गावकरी त्याला हार घालतात आणि म्हणतात, "सागवान, तूच आमचा खरा रक्षक."

आधीची पानं हाताच्या अंतरावर पडली होती, हे मी वर सांगितलंच आहे. ती मी वाचली नाहीत. समोर स्वतःचं प्रेत पाहिलेला माणूस मागची पानं वाचत बसत नाही.

परत येताना स्टँडवर दोन आलूबोंडे खाल्ले. फार दिवसांनी जेवण गोड लागलं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मधल्या खोलीचं दार सताड उघडं होतं. मायलेकी झाडझूड करत होत्या आणि दोघींच्या चेहऱ्यावर काम संपल्याचं समाधान होतं. वनितानं मला पाणी दिलं, समोर बसली आणि म्हणाली, "परवा अंक येते. आता सांगतलं तं चालते. तुमचा सागवान यंदा लोकाइले रडवनार हाय."

"मेल्यावर रडतेच लोक," मी म्हणालो.

"कोन मेलं?"

मग तिनं कथा सांगितली. बोंडअळीला यंदा नवी विद्या मिळते, कोणाचंही रूप घ्यायची. ती सागवानचं रूप घेते आणि खऱ्या सागवानला बंद पडलेल्या जिनिंगात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या ढिगात कोंडून ठेवते. खोटा सागवान गावात मिरवतो, हार घेतो, भाषणं देतो, आणि आतून गाव पोखरतो. सगळ्यांना तोच आपला वाटतो. शेवटी वीजमाय त्याला ओळखते. खोट्याला आडवं पाडतात आणि मग सगळे जिनिंगाचं दार उघडतात. आत खरा सागवान, कापसावर शांत झोपलेला.

"जागं नाई केलं त्याले कोनं," वनिता म्हणाली. "हात जोडून उभे राह्यतेत फक्त. इतके वर्स त्यानं एकट्यानं सारं केलं ना, म्हनून. ते पान ऋतूनं किती येळा काढलं. चेहरा तुमचाच पायजे म्हने."

"बाबा झोपलेले असले की बरे दिसतात," ऋतुजा म्हणाली.

हातातलं पाणी तसंच ठेवून मी उठलो.

कारण आता पुस्तकात काय होणार होतं, ते मला दिसायला लागलं. आधीची सगळी पानं यांची. त्यांत खरा सागवान कोंडलेला आणि खोटा गावात फिरणारा. आणि शेवटची दोन पानं माझी, त्यांत तो खोटाच कुठल्यातरी अळीला दाखवायपुरता ठोसा मारणार आणि गाव त्याला हार घालून म्हणणार, तूच आमचा खरा रक्षक.

मी अंगणात जाऊन रफिकभाईंना फोन लावला.

"हो गया भाऊ," ते आनंदानं म्हणाले. "तुम गये और मशीन पे चढाया. बाइंडिंग चालू है."

दुसऱ्या दिवशी पोळा. घरात पुरण शिजत होतं. वनिताला सांगावं म्हणून मी पुन्हा पुन्हा स्वयंपाकघरात गेलो आणि प्रत्येक वेळी तिनं मला एक पुरणपोळी दिली. तोंड भरलेल्या अवस्थेत असली गोष्ट सांगता येत नाही. संध्याकाळपर्यंत मला सांगताही आलं नाही आणि जेवताही.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी एसटीनं गठ्ठे आले ते थेट वाचनालयात. समोरच्या मैदानात पोरंच पोरं. कोणी मावळा, कोणी डॉक्टर, दोऱ्यानं ओढलेले लाकडी बैल, त्यांच्या शिंगांना बेगड. मास्तरांनी एका बैलाला हार घातला, फीत कापली, अंक वाटले. पोरं जिथल्या तिथं बैलांजवळ बसून वाचायला लागली. मैदान हळूहळू शांत झालं.

माझ्या अंकांच्या वेळी मैदान कधी शांत झालेलं मला आठवत नाही. पोरं उभ्या उभ्या शेवटचं पान पाहून अंकाचा पंखा करायची. यंदा कोणी पान सोडत नव्हतं. मी मागच्या मागे सरकत पाण्याच्या टाकीपर्यंत पोचलो.

मनोहरची नात परी पहिल्या रांगेत होती. वीजमायसारखी दोन वेण्या घालून आली होती. तिनं शेवटचं पान वाचलं, उलटून पाहिलं, पुन्हा आधीच्या पानावर गेली आणि मोठ्यानं विचारलं, "म्हंजे बोंडअळी जिंकली?"

"आन् खरा सागवान कुठी हाय?" दुसऱ्यानं विचारलं.

"थो जिनिंगातच हाय."

"कोनंच सोडलं नाई त्याले?"

एक लहान मुलगा रडायला लागला. मग त्याच्या शेजारचा. बैल टाकून पोरं आयांकडे धावली. वनितानं अंक उघडला. मी टाकीमागून तिचा चेहरा पाहत होतो. तिनं शेवटचं पान डोळ्यांजवळ नेलं आणि ती सागवानच्या हाताची बोटं मोजायला लागली.

तेवढ्यात पोरांबरोबर आलेला एक म्हातारा शेतकरी अंक बाजूला ठेवून म्हणाला, "पन लिवलं मात्र खरं हाय बावा. दर साली बोंडअळीच जिंकते आन् हार तिसराच कोनी घेते. आजवर असं कोनं छापलं नव्हतं."

मोठी माणसं मान डोलवायला लागली. मास्तरांनी माइक घेतला. असा धाडसी शेवट आपल्या तालुक्यात कोणी केला नाही म्हणाले आणि हा सुचला कसा, ते लेखिकेनं सांगावं म्हणून माइक वनिताच्या हातात दिला.

"शेवट माहा नाई," वनिता म्हणाली. आवाज पोस्टातलाच, एकदम शांत. "शेवट यायनं केला. टाकीमागं उभे हायेत थे."

सगळं मैदान वळलं. मोठ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरांनी नाही वाजवल्या. ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

घरी वनिता रागावली नाही. रागावली असती तर सुटलो असतो. तिनं फक्त विचारलं, "तुमाले वाटलं, आमी तुमाले मारून टाकू?"

"मनोहर म्हने," मी म्हणालो. यापेक्षा चांगलं उत्तर मला आजवर सुचलेलं नाही.

 ऋतुजानं ते झोपलेल्या सागवानचं पान माझ्यासमोर ठेवलं आणि आत निघून गेली. मी ते बराच वेळ पाहत बसलो. झोपेत मी खरंच बरा दिसतो.

प्रकरण इथं मिटलं असतं. पण पोरं ऐकेनात. दुकानात मोठा माणूस युरिया मागायचा आणि त्याचं बोट धरून आलेलं पोर विचारायचं, "काका, सागवानले कायले कोंडलं?" मग गावाबाहेरच्या जिनिंगचा चौकीदार किसनराव एक दिवस तणतणत दुकानात आला.

"भाऊ, तुमचा कोनता मानूस आमच्या जिनिंगात कोंडला हाय?"

"कोनता मानूस?"

"मले काय माहीत? शाळा सुटली की पोट्टे गेटवर येते आन् सागवान, सागवान म्हनून वरडते. दोघं तं भाकर घेऊन आलते. उपाशी असंन म्हने थो."

कापूस यायला अजून वेळ होता, जिनिंग बंद होतं. म्हणजे कथेतल्यासारखंच बंद. पोरांना शंका उरलीच नव्हती.

मी ही गोष्ट घरी सांगितली. वनितानं आणि ऋतुजानं एकमेकींकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. पण यंदा मी संशय घ्यायच्या परिस्थितीत नव्हतो.

"सोडवा लागते मंग त्याले," वनिता म्हणाली.

तर अशा रीतीनं एका रविवारी सकाळी मी सागवान झालो. वनितानं जुन्या पडद्यांची तपकिरी कफनी शिवली. ऋतुजानं तिच्यावर सागाची खरी पानं टाचली आणि खांद्यांत उशा भरल्या. मिशी माझीच. किसनरावनं मला मागच्या दारानं कापसाच्या गोदामात नेलं, बाहेरून कुलूप लावलं आणि सांगितलं, "पोट्टे वरडले का मी समोरचा दरवाजा खोलतो. तवर तुमी इथंच उभे राहा."

गोदामात मागच्या हंगामाचा थोडा कापूस होता आणि उंदरांची वस्ती मात्र चालू हंगामाची होती. मी उभा राहिलो. बाहेर गलका वाढत गेला. वनिताचा आवाज आला, मास्तरांचा आला. मग सगळी पोरं एकदम ओरडली, "सागवान, बाहेर ये."

मी छाती फुगवली. दार उघडलं नाही.

"सागवान, बाहेर ये."

दार उघडलं नाही. फटीतून पाहिलं तर किसनराव कुठंच दिसेना. (मास्तर प्रमुख पाहुणे म्हणून आले होते, त्यांच्यासाठी तो चौकातून चहा आणायला गेला होता. मागच्या दाराची किल्ली त्याच्या खिशात.)

मी दार ढकललं. लोखंडी दार, नुसतं खडखडलं. मी आत ओढलं. पुन्हा खडखडलं.

 मग परीचा आवाज आला, "सागवान, तू आत हायेस ना?"

"हाव," मी जमेल तेवढ्या जाड आवाजात म्हणालो.

"मंग दार तोडून ये ना."

आता काय सांगणार? "दुसऱ्याच्या मालाचं नुकसान कराचं नसते," मी म्हणालो.

हे त्यांना फारसं पटलं नाही. "एक ठोसा मार," कोणीतरी म्हणालं. इतक्या वर्षांच्या अंकांत मीच त्यांना ठोशाची सवय लावली होती. मी खांदा लावून धाव घेतली. उशी होती म्हणून खांदा वाचला, पण पाय दाराच्या खालच्या पट्टीवर आदळला आणि माझ्या तोंडून जो शब्द निघाला तो कुठल्याही अंकात छापता आला नसता. खांद्यातली उशी फुटली. कापूस उडाला. पानं गळाली.

तेवढ्यात करकर आवाज झाला आणि डोळ्यांवर ऊन आलं. परीनं एका हातानं दार बाजूला सरकवलं होतं. ते रुळावरचं दार होतं. त्याला कुलूप नव्हतंच. ढकलायचंही नव्हतं आणि ओढायचंही नव्हतं.

समोर गावातली सगळी पोरं. मी एका पायावर उभा, एक खांदा फुगलेला, दुसरा सपाट, मिशीला कापूस. मागे वनितानं तोंडाला पदर लावला होता. ऋतुजा फोटो काढत होती.

परीनं मला वरपासून खालपर्यंत निरखलं. मग मागे वळून बाकीच्यांना म्हणाली, "हा खरा नाई. खऱ्याले दार उघडता आलं असतं."

पोरांनी क्षणभर विचार केला आणि सगळ्यांनी मिळून दार परत लावून टाकलं.

ते सरकवायचं कसं, हे मला आता माहीत होतं. पण मी आतच बसून राहिलो. पोरीचं म्हणणं मला पटलं होतं.